फॉइल

जनरेटर सुरू करण्याआधी वान्नेस
कानातलं यंत्र काढून खिशात ठेवतो.
अल्ट्रासाउंड चालू असलं की त्यात म्हणे
तापल्या तव्यावर लोणी टाकल्यासारखी चरचर होते.
माझ्या धडधाकट कानांना काहीच नाही.
चाळीस किलोहर्ट्झ म्हणजे माणसासाठी शांतताच;
फक्त कालव्यातल्या बोटीवरचा कुत्रा
आमच्या खिडकीखालून जाताना थबकतो.

हा माझा तिसरा पोस्टडॉक.
तुलूझ, कार्ल्सरुह, आता गेंट.
विंचवाचं बिऱ्हाड: दोन सुटकेस, एक सायकल,
आणि ग्रोनिंगेनला आई, जिला वाटतं
यंदा तरी माझं बस्तान बसेल.
रिॲक्टर म्हटल्यावर घरमालकीण गोदेलीव्ह दचकली होती,
तेव्हा तिला फोटो दाखवला:
काचेच्या पट्टीत कोरलेली नागमोडी वाट,
शेवयीहून बारीक.
एवढाच? ती म्हणाली, आणि भाडं तेच ठेवलं.

दोन द्रव त्या वाटेत भेटतात,
स्फटिक होतो, वाढतो, वाट बुजते.
आठला सुरू, नऊ वीसला तुंबली.
आठला सुरू, नऊ पाचला तुंबली.
वहीची कितीतरी पानं अशी.
मग आम्ही खालून लहरी सोडल्या.
पाण्यात बुडबुडा जन्मतो, फुगतो
आणि स्वतःतच कोसळतो;
कोसळताना आत, डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी,
सूर्याच्या पाठीशी बरोबरी करेल अशी धग.
बाहेर पाणी कोमट.
शेजारच्या थेंबाला पत्ता नाही.
मी लेखात लिहिलं, बुडबुडे कोसळतात.
परीक्षकाने समासात विचारलं: पुरावा?

पुरावा म्हणजे स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल.
अर्धा मिनिट बुडवायची, उजेडासमोर धरायची.
लहरी जिथे पोचल्या तिथे चाळण,
मध्ये मध्ये कोरे पट्टे.
वान्नेस ती डोळे मिटून बोटांनी वाचतो.
त्याची आई लाय नदीकाठच्या कापडगिरणीत होती.
मागांच्या खडखडाटात बायका ओठांनीच बोलायच्या,
भाव, भांडणं, कुणाला दिवस गेले, सगळं.
ओठ वाचायला तो तिच्या मांडीवर शिकला,
गरज पडायच्या चाळीस वर्षं आधी.

आज ल्युमिनॉल.
पडदे ओढले, दाराच्या फटीला काळी टेप,
मॉनिटरच्या लाल ठिपक्यावर माझा कोट.
डोळे सरावायला पंधरा मिनिटं लागतात,
आणि अंधारात वान्नेसशी बोलता येत नाही.
म्हणून बोलले.
म्हणाले, प्रकल्पाला मुदतवाढ नाही मिळाली.
मार्चनंतर मी इथे नसेन.
म्हणाले, आईला अजून सांगितलेलं नाही.
म्हणाले, या गावात
जेवलीस का, असं विचारणारा तू एकटाच,
आणि तेही सूप तुझं तुलाच पुरत नसताना.
बोलायला घेतलं की थांबता येत नाही, तसं झालं.
शेवटी नाकही ओढलं जोरात.
पंपाची टकटक चालू होती.

मग पात्रात निळं काहीतरी उमटलं.
आधी वाटलं डोळ्यांचाच खेळ.
पट्टे. फॉइलवर होते तसेच, त्याच अंतरावर,
स्टोव्हच्या ज्योतीच्या बुंध्याला असतो
तेवढासा निळा.
त्या उजेडात ओठ दिसत नाहीत.
हात दिसतो, जेमतेम.
त्याने चाचपडत माझं मनगट धरलं
आणि तळवा टेबलावर टेकवला,
काही कळतंय का पाहायला.
मला काही कळलं नाही.
लाकूड होतं, थंड, आणि त्यावर त्याचा जड हात,
जो त्याने उचलायला थोडा वेळ लावला.

दिवा लागला. त्याने यंत्र कानात बसवलं.
तू काही म्हणत होतीस?
तिसरा पट्टा फिका आहे, मी म्हणाले,
ट्रान्सड्यूसरचा गोंद सुटला असणार.
वाक्य संपल्यावरही तो
माझ्या ओठांकडे पाहत राहिला.
मग खण उघडला,
गोंदाची नळी शोधली, नाही सापडली,
आणि फॉइलचा नवा तुकडा फाडताना म्हणाला,
गुरुवारी वाटाण्याचं सूप आहे. डबा मोठा आणतो.