रीडिंग

दर तासाला रीडिंग घ्यायचं, एवढंच काम.
पंप नंबर चार: दाब इतका,
क्षार इतके, सही.
सोहारचा समुद्र आमच्या नळ्यांतून
गोडा होऊन निघतो,
गावाला त्याचा पत्ता नसतो,
तोटी सोडली की पाणी.

रात्रपाळीत बहुतेक काही घडत नाही.
काही घडलं नाही हे लिहायचाच
मला पगार आहे.

गेल्या ऑगस्टात
हवा ओल्या घोंगडीसारखी अंगावर पडलेली,
मी खुर्चीतच पेंगलो.
पहाटे पाचला भरून टाकले आठही रकाने,
आकडे थोडे इकडे, थोडे तिकडे,
खरं वाटेल इतपत.

सुलेमान अल बलूशी ओरडला नाही.
कागद दिव्याखाली तिरपा धरला,
म्हणाला, आठ तास लिहीत होतास
आणि तुझा हात एकदाही थकला नाही?
मग जाता जाता:
नळीत क्षार बसतो ना,
तो आवाज करून बसत नाही.

खोलीवर आलो. झोप गेली होती.
खाटेखालची सुटकेस ओढली,
तळाशी आईचं शास्त्र.
मस्कतला कस्टमवाल्यानं ते उघडलं होतं,
दोन पानं चाळून परत ठेवलं,
चटणीच्या पुड्यावर, सांभाळून.
तीन वर्षं तिथंच. पानांना लसणाचा वास.

आई बायबलबाई होती.
सत्वशीलाबाई घाटविसावे,
नेवासे तालुक्यातली अकरा गावं, पायी.
संध्याकाळी पाय कोमट पाण्यात सोडून वाचायची
आणि समासात तारीख टाकायची.
कुठे शिसपेन्सिल, कुठे माझ्या दप्तरातला निळा खडू,
एक तर सरळ चुलीतल्या कोळशानं.

बाबांना पुरलं त्या दिवसाचीही तारीख आहे.
शेजारी काही नाही.
पेन्सिलीचं टोक तिथं मोडलेलं दिसतं.

आणि वंशावळींची ती पानं,
जी मी जन्मभर एकगठ्ठा उलटली,
तिथेही तारखा, ओळीनं.
एकीपुढे बारीक अक्षरात: कळलं नाही.
दुसऱ्या दिवशी तेच पान: आजही नाही.
तिसऱ्या दिवशी तेच पान.
पुढे काही लिहिलेलं नाही,
पण चौथ्या दिवशी ती पुढच्या पानावर आहे.

हात थकलेला स्पष्ट दिसतो.

मी प्रार्थना करत नव्हतो असं नाही.
करत होतो, कालचीच उतरवून.
बापा, कर्ज फिटू दे, व्हिसा वाढू दे,
पोरीचा खोकला जाऊ दे, आमेन,
शब्द थोडे इकडे, थोडे तिकडे.
पोरीचा खोकला गेला त्याला वर्ष झालं होतं.
शुक्रवारी हॉलमध्ये
केरळच्या भावांच्या टाळ्यांत माझी टाळी सोडायची
आणि आठवड्याचे सातही रकाने
एका दमात भरले समजायचं.

तो कागद कुणी दिव्याखाली तिरपा धरत असेल
हे डोक्यात आलं नव्हतं.

आता तीनचं रीडिंग झालं की
चारपर्यंत माझा वेळ असतो.
पंपाच्या घरघरीत मोठ्यानं वाचलं तरी
कुणाला ऐकू जात नाही.
आईची शेवटची तारीख जिथं आहे
त्याच्या पुढच्या ओळीपासून धरलंय.
पेन कंपनीचा, निळा, गळका.

रोज काही मिळतं असं सांगणार नाही.
एकदा एका ओळीवर रडू आलं,
का ते अजून ठाऊक नाही.
बाकी बहुतेक दिवस वाळू नि डास
आणि डोळ्यांवर झापड.
बापाला म्हणतो, आज एवढाच आहे मी,
पोरीचं नाव घेतो, सुलेमानचंही घेतो,
आणि गप्प बसतो.

काल मात्र झोप लागली.
तारीख टाकायचा मोह झाला, टाकली नाही.
समासात तेवढी जागा कोरी ठेवली आहे.
आज पुन्हा तेच पान.