सीटची दांडी

डोकं वाकवूनच आला वीब्रेन,
तरी घंट्यांच्या माळेला लागलंच कपाळ.
मी टेप काढली. तो हसला.
त्याच्या फ्रीसलँडात म्हणे
कुणी मापच विचारत नाही.

माझ्याकडची सगळ्यात मोठी सायकल
त्याच्याखाली नातवाची वाटली,
गुडघे हँडलला, हँडल पोटाला.

ओसाकाला फोन केला.
पलीकडचा म्हणाला, पाय मोजताना चुकलात, कुरोइवा.
पुन्हा मोजला.
नव्हतो चुकलो.

सहा आठवड्यांनी दांडी आली.
बसवली, तर सीट माझ्या छातीशी.

काल गल्लीतून गेला.
भिंतीवरून नुसतं डोकं सरकत होतं, संथ.
तिथूनच ओरडला:
शिमोदाबाईंकडची अंजिरं पिकलीत!

चाळीस वर्षांचा शेजार आमचा.
झाड आहे, हेच ठाऊक नव्हतं.