न्यूटन, कॅन्सस

तळघरात, वॉशिंग मशीनच्या शेजारी,
माझं एक सेसना आहे.
सुकाणू टेबलाला शिकंज्याने आवळलेलं,
पेडल सरकू नयेत म्हणून खाली योगासनांची चटई,
आणि तीन पडदे : डावी खिडकी, समोर, उजवी खिडकी.
मागे ड्रायर घुमायला लागला
की इंजिन जरा खरं वाटतं.

चार वर्षांत सहाशे बारा तास.
एकदा आमटीला फोडणी द्यायची होती
तर दोन हजार फुटांवर आकाश थांबवून वर गेले.
परत आले तेव्हा पंख्याचं पातं
दहाच्या काट्यासारखं तिरकं उभं होतं
आणि ढग होते तिथेच.

गावाचं नाव न्यूटन. इथल्या कुणाला
त्यात काही गंमत वाटत नाही. मला वाटते.
कारण प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी
पंखाचे काकडीसारखे काप केलेत,
आणि प्रत्येक कापावर वारा किती, कुठल्या कोनात,
याचा हिशेब सेकंदाला कितीतरी वेळा मांडतात.
मी तपासलाय.
पुस्तकात चढ मिनिटाला सातशे फूट,
माझा सहाशे नव्वद.
धान्याच्या कोठारावर हिशेबनीस आहे मी,
दहाचा फरक सहसा सोडत नाही.
हा सोडला.

मग पंचावन्नाव्या वाढदिवसाला
मिलिंदने पाकीट हातात ठेवलं :
खऱ्या विमानात एक तास.
शिकवणारी लोरेटा उन्रू, वय एकाहत्तर,
गुडघ्यावर पट्टा, खिशात गाजराचे तुकडे.
‘किती तास?’
सहाशे बारा.
ती हसली नाही, हे मी तिच्या नावावर जमा करून ठेवलंय.

आत पेट्रोलचा वास, जुन्या रेग्झिनचा,
आणि कुणाच्या तरी घामाचा.
पूर्ण ताकद दिली तसं नाक डावीकडे ओढायला लागलं,
खुंट्याला बांधलेली शेळी ओढते तसं.
मला माहीत होतं. उजवं पेडल. माहीत होतं.
‘पाय कुठायत तुझे?’ लोरेटा ओरडली.

वर गेल्यावर तिने वहीची पानं फाडून
एकेक डायल झाकलं.
वेग झाकला. उंची झाकली.
‘आता सांग, किती वेगात आहोत?’
मी झाकलेल्या कागदाकडेच बघत राहिले.

नुकत्या कापलेल्या गव्हाच्या शेतावर
कुणीतरी खालून ढुशी दिली.
शेतापलीकडे तळं होतं,
तिथे तेवढंच परत घेतलं.
माझ्या तळघरात हवामान थेट येतं,
विचिटाचं, तासातासाला.
पण अमुक शेत काल कापलं
ही बातमी त्यात नसते.

‘आता हळू कर. नाक वर. अजून.’
आधी वाऱ्याचा आवाज गेला.
मग सुकाणू ढिलं पडलं,
दोराला असलेला पोहरा विहिरीत सुटून जावा तसं.
डाव्या पंखातून पेटीच्या फुटक्या पट्टीचा सूर आला
आणि आम्ही पडलो.
माझं पोट आलं पाठोपाठ,
थोड्या अंतराने.

घरी मी हे शेकडो वेळा केलंय,
वाकडी न होता,
एका हातात चहा असताना.

उतरताना धावपट्टी एक-सात, वारा दक्षिणेचा.
तळघरात जमीन समोरून येते.
इथे ती दोन्ही कानांच्या बाजूंनी वर चढत गेली.
मी फार लवकर ओढलं,
लोरेटाने न बोलता हात घातला.
‘रेडिओ फर्स्ट क्लास,’ ती खाली उतरून म्हणाली,
आणि गाजर पुढे केलं.

त्या रात्री झोप येईना म्हणून तळघरात गेले.
तीच धावपट्टी. तोच वारा, उतरवून घेतलेला.
ताकद दिली, आणि नाक हलायच्या आत
उजवा पाय आपोआप खाली गेला.
पुढे तेच शेत. प्रोग्राममध्ये ते अजून हिरवंच.
मी वाट पाहिली.
खुर्ची ढिम्म.
मग मीच बुडाखालून
किंचित वर उचलले गेले.