चौथी प्रत

लोटलीकर वकिलांकडे मी बावीस वर्षं टायपिस्ट होतो.
मडगावात, कोर्टामागच्या गल्लीत,
खाली बेकरी, वर ऑफिस.
दयेचे अर्ज पावाच्या वासात टाइप व्हायचे.

आरोपी लिहायचं नाही, म्हणायचे.
इनास कायतान रॉड्रिग्ज लिही, पूर्ण,
बापाच्या नावासकट, पानोपानी.
दोराला वाचता येत नाही,
सही करणाऱ्याला तरी वाचू दे.

कार्बन घालून चार प्रती.
एक दिल्लीला, एक पणजीला, एक फायलीत.
चौथी बेतुलला, सांतानाबाईच्या घरी,
जिच्या मिंगेलला इनासनं वल्ह्यानं मारलं होतं.
"तिच्या नावानं माणूस मारायला निघालेत,
तिला निदान कागद तरी जाऊ दे."
पाकीट परत आलं, न फोडलेलं,
कोपऱ्याला एक खवला चिकटलेला.

विधानसभेत ठराव मांडला. चाळीस मिनिटं बोलले.
पोर्तुगिजांच्या पुस्तकातून गळफास केव्हाच गेला होता,
शिपायांच्या हातातली बंदूक नव्हती गेली.
मी आग्वादला होतो,
पुस्तक आणि बंदूक, दोन्ही जवळून पाहिलीत.
सभापतींनी घंटी वाजवली.
बाजूनं दोन हात वर झाले,
त्यातला एक पंखा वाढवा म्हणून.

पुढच्या निवडणुकीत आमच्याच भिंतीवर डांबरानं:
खुन्यांचा वकील.
चष्मा लावून वाचलं.
"अनुस्वार दिलाय," म्हणाले, "शिकलेला दिसतो."
डिपॉझिट गेलं.

इनासची फाशी टळली. जन्मठेप झाली.
आमच्या अर्जानं,
की दिल्लीतल्या कुणाच्या कंटाळ्यानं,
ते कागदावर कुठंच नव्हतं.

सांतानाबाई मडगावच्या बाजारात बसायची.
वकील दिसले की पाटीवर आडवा हात.
मग मासळीला मी जायला लागलो.
सोमवार सोडून रोज, पाच बांगडे,
कुणाचे ते तिनं विचारलं नाही,
मी सांगितलं नाही.
कधी एक जास्त नाही, कधी शिळा नाही.

वकील गेले, त्याच्या तिसऱ्या दिवशी
पाय आपसूक तिकडेच वळले.
तिनं पाच मोजले.
पैसे पुढं केले, ते घेतले नाहीत,
आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मान वर करून
विचारलं,
"आज हें कोणाक?"