काहून

अकरा वर्षं मी एकाच कंपनीचा आहे.
कारंज्याच्या झामनानीला विचारा,
दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुकानात दिसलो नाही
तर तो पोऱ्याला पाठवतो,
"पाय बरं, वायरमन बिमार हाय काय?"

पहिला फोन आठवतो.
धामणीच्या डीपीवर रात्री साडेबाराला फ्यूज गेलेला.
आमचे चापके उस्ताद
तीस वर्षं दातांत टॉर्च धरून हे काम करत आले,
अन् मी खिशातून बोटभर उजेड काढला.
उस्ताद खालून ओरडले,
"अबे, तुह्या खिशातच लाईन आली बाप्पा!"

दुसऱ्या फोनात पोरगी आली.
अमरावतीच्या वसतिगृहातून, हलती, बोलती,
नुकतीच न्हालेली, डोक्याला टॉवेल.
इंदूनं काचेला हात लावला
आणि ओला झाला का ते पाहिलं.

तिसऱ्यानं माझं बोलणं लिहून दाखवलं.
मी म्हटलं काहून,
त्यानं लिहिलं कानून.
म्हटलं जाऊ दे, शिकेल,
लेकरूही सुरवातीला बोबडंच बोलते.

त्याला सात दसरे झाले.

चौथ्यात कॅमेरे दोनाचे तीन झाले,
पाचव्यात तिघं कोपऱ्यात सरकले,
सहाव्यात पुन्हा मधोमध,
पंगतीत जागा बदलत बसणाऱ्या पाहुण्यांसारखे.
रंगाला दर खेपेला नवीन नाव,
मला मात्र तो राखेचाच दिसतो.

यंदा सातवा.
खाटेवर जुना-नवा शेजारी ठेवले,
इंदूला म्हटलं, सांग, नवा कोणता.
तिनं दोन्ही उचलले,
बाजारातल्या वांग्यासारखे तोलले
आणि जुना दाखवला.
"हा. याची काच पुसेल हाय."

मला काय पाहिजे होतं ते कोणी विचारलंच नाही.
मे महिन्यात दुपारी दोन वाजता, पोलवर,
पडदा दिसावा. त्यात माझंच तोंड नको.
रबरी हातमोज्यात शिजलेला अंगठा
त्यानं ओळखावा, रेषा पुसल्या असल्या तरी.
आणि शेहेचाळीस डिग्रीत
"मी तापलो, जरा थंड होऊ द्या"
असं म्हणू नये.
मी म्हणतो का?

डबे सगळे जपून ठेवलेत.
पहिल्यात चार्जर होता, कानातलं होतं,
जाडजूड पुस्तक होतं सतरा भाषांत.
आता त्यात फ्यूजची तार राहते, दोन किटकॅट, टेप.
सातव्याचा डबा असा की
पक्कड ठेवली तर झाकण लागत नाही.
खरी प्रगती डब्यानं केली.

टेस्टर उस्तादांचाच आहे अजून.
पिवळी मूठ, दातांच्या खुणा.
त्यानं कधी सांगितलं नाही की मी नवीन आलो.
लावला की दिवा लागतो,
नाही तर नाही लागत.

झामनानीला म्हटलं, कंपनीले कळवा,
सांगा, जुना गिऱ्हाईक नाराज हाय.
त्यानं चहा सांगितला,
बिल फाडलं,
म्हणाला, "कळवतो ना.
पण साहेब, तुमी तं घेऊनच चालले."

काल रात्री धामणीहून पुन्हा फोन आला.
डीपीखाली उभा राहून सातवा काढला.
उजेड तेवढाच, पहिल्याएवढा.
काम झाल्यावर पाहतो तर पोरीचा निरोप.
ती आता पुण्याला असते, नोकरीला,
आणि आमच्या घरात तो शब्द
आता असाच लिहितात:

"बाबा, एवढ्या रात्री जागे कानून?"

मी लिहिलं, लाईन गेलती.