एक सूत वर

रत्नदीप, आधी दांडा बघ, मग धार.
पाव इंची दांड्यावर मोठं तोंड थरथरतं,
लाकूड कुरतडतं, कधी बोटही.
शिहाबचं मधलं बघितलंस ना?

हे सरळ, खाचेसाठी.
हे वळणाचं, मजलिसच्या दारांना.
बेअरिंगवालं फळीच्या कडेकडेनं आपलं आपण चालतं,
आपण नुसतं धरायचं.
तोंड मोठं तर वेग कमी.
उलटं वाटेल. वाटू दे.

अजमानच्या या शेडमध्ये
एमडीएफचा भुगा भुवयांवर बसतो,
कळत नाही देवरुखचा कोण, पेशावरचा कोण.
सागवान क्वचित येतं. आलं की
मशीन बंद करून सगळे वास घेतात,
मुकादमसुद्धा.

एका दमात खोल जाऊ नकोस, तीन फेऱ्या घे.
मध्ये थबकलास तर लाकूड करपतं.
पॉलिशनं डाग जात नाही, गडद होतो.
मी एकदा थबकलो होतो,
खिशात फोन थरथरला, घरचा.
ते दार कुणाच्या तरी घरी अजून उघडतं, मिटतं;
डाव्या फळीवर, कमरेच्या उंचीला,
चिंचोक्याएवढं काळं.

आणि बिट कॉलेटमध्ये पार तळाला टेकवू नकोस.
खुपस, एक सूत वर घे, मगच आवळ.
टेकलेलं घट्ट वाटतं,
आवळलेलं नसतं.
का, म्हणून विचारतोस?
बाराला वरचा पत्रा कडकडतो ना,
तेच कारण.

चल, गॉगल लाव.
प्लग मी घालतो.