चौकट दश्शी

दीनाबाईंना पत्ते खेळता येत नव्हते,
आवाज मात्र ओळखता यायचा.
घोडपदेवच्या गॅरेजमागे, अर्ध्या ओढलेल्या शटरबाहेर
दर महिन्याच्या सात तारखेला त्या उभ्या राहायच्या.
आत पानं पिसल्याची फर्रर्र,
कुणाचं तरी हसू,
मग एलीया वाकून बाहेर,
खिशात पगाराचं पाकीट, पाकिटात हवा.

त्यांनीच आमच्या शब्बाथशाळेसाठी कॅट बनवला.
जुन्या लग्नपत्रिकांचे पुठ्ठे, खळ, आमचेच खडू.
पाळकसाहेब अमोलिक म्हणाले, देवळात पत्ते?
बाई म्हणाल्या, काट्यानंच काढतात ना काटा.

एक्का म्हणजे एकच देव.
दुर्री, दगडाच्या दोन पाट्या.
पंजीवर पाच भाकरी आणि दोन मासे,
हिशोबात न बसणारे, तरी काढलेले,
बोंबलासारखे, कारण बाईंना तेच ठाऊक.
इस्पिक राणी ईजबेल. तिला आमच्या हेडबाईंचा चष्मा.
आणि चौकट दश्शीवर एक बाई:
दहा नाण्यांतलं एक हरवलंय,
दिवा लावून ती खोली झाडतेय.
खोली भायखळ्याची. मोरी, स्टोव्ह,
खुंटीवर गिरणीचा शर्ट.

एका रविवारी बाई कमिटीच्या बैठकीत अडकल्या.
एलीया त्यांना न्यायला आला,
बाकावरचा कॅट उचलला,
आणि ती सगळी पवित्र पानं
एका हातानं अशी पिसली की हनोखनं आ वासला.
"मेंढीकोट येतं का रे?"
"मेंढी कुठली?"
"दश्शीला मेंढी म्हणतात. चार असतात.
ज्याच्याकडे जास्त, तो जिंकला."
हनोख पाळकसाहेबांचा नातू. म्हणाला,
"हे बाईंनी नाही शिकवलं."
"बाईंना माहीत नाही," एलीया म्हणाला,
आणि तेव्हा दारात बाई होत्या.

किती वेळ उभ्या होत्या, देव जाणे.
त्यांना उभं राहायची सवयच होती.
एलीया म्हणाला, "चौथा भिडू पाहिजे."
त्यानं तिकडे बघितलं नाही, नुसता बाक पुढे सरकवला.

तेरा पानं त्यांनी दोन्ही हातांत धरली,
गीतांचं पुस्तक धरावं तशी, सगळ्यांना दिसतील अशी.
हुकूम किलवर.
एलीयानं चौकटचा एक्का टाकला. मी तिर्री.
आता बाई.
तो हळूच म्हणाला, "दीना, मेंढी असेल तर दे.
माझ्या एक्क्यावर दे. आपल्या घरात येईल."

बाईंनी दश्शी काढली. परत आत ठेवली.
त्या झाडणाऱ्या बाईकडे पाहिलं,
मग नवऱ्याच्या हाताकडे,
मग पुन्हा तिच्याकडे.
बाहेर घंटेच्या दोरीशी कुणीतरी खोकलं.
बाईंनी पान टाकलं,
बोट मात्र काढलं नाही.

हनोख माझा भिडू, माझ्या समोर.
त्याच्याकडे चौकट संपली होती, मला कळलं,
आणि किलवरची सत्ती
त्यानं आधीच अर्धी वर ओढली होती.
तो त्या बोटाकडे बघत राहिला.